युद्धाचा शब्द आणि दोन खुर्च्या

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी तांदूळ धूत होते. नर्सने हळू आवाजात सांगितलं, आई गेली. मी थँक यू म्हटलं, कुकर लावला आणि आईच्याही वाटणीचा भात शिजवला. त्याला आता काही आठवडे झाले. कालपर्यंत मला रडू आलं नव्हतं...

जन्मभर पुण्यात रशियन शिकवलेली माझी आई २०२०च्या फेब्रुवारीत आयर्लंडमधल्या स्वोर्ड्सला आमच्याकडे महिनाभरासाठी आली आणि विमानं बंद झाली म्हणून अडकली. शिकवायला कुणी नाही, त्यामुळे जीव नुसता कासावीस. मग शेजारची इवाना सापडली. मूळची क्रोएशियाची, एअरपोर्टवर नोकरीला, तेव्हा तीही घरीच. मागच्या अंगणात बुटक्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून दोघी रोज दुपारी चहा घ्यायच्या. आई रशियनमधून, इवाना क्रोएशियनमधून, अडलं की इंग्रजी. "तुझी आई ग्रँड आहे," इवाना मला म्हणायची.

एकदा विषय युद्धाच्या शब्दावर गेला. इवानाच्या भाषेत युद्ध म्हणजे 'रात्'. शब्द जुन्या स्लाव्हिकमधला, दोघींच्या भाषांच्या मुळातला. रशियनमध्ये तो सैन्याच्या अर्थाने उरला, तोही कवितेपुरता. काही अभ्यासक त्याचं नातं आपल्या 'समर'शी जोडतात. आई हरखलीच. हातात खडू असल्यासारखी बोलत सुटली. "अगं, तुमच्याकडे तो अजून जिवंत आहे! किती सुंदर!"

इवानाने कप खाली ठेवला. "लहानपणी मी तो तळघरात ऐकला. बाबा वर होते. ते खाली आलेच नाहीत." आणि ती आत निघून गेली.

"शब्दाच्या नादात मला समोरचं माणूसच दिसलं नाही गं," आई म्हणाली. इवानाच्या दारात जाऊन ती माफी मागून आली, पण दार उघडलं नव्हतं. मग रोज ती चहा घेऊन बाहेर बसायची, समोर रिकामी खुर्ची. "आत ये, थंडी आहे," मी चिडायचे. "येईल ती. अर्धंच सांगितलंय मी तिला." इवाना आली नाही. ॲम्ब्युलन्स आली.

इथल्या रिवाजाप्रमाणे शववाहिका घरावरून नेली. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, म्हणून सगळी गल्ली आपापल्या फाटकाशी उभी राहिली, आईचं नाव माहीत नसलेलेसुद्धा. इवानाच्या फाटकाशी कुणी नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. कशाचंच वाटत नव्हतं.

काल दुपारी सवयीने दोन कप चहा झाला. दोन्ही कप घेऊन मी आईच्या खुर्चीत जाऊन बसले. पलीकडे दार वाजलं आणि इवाना येऊन समोर बसली.

"मला फाटकाशी उभं राहवेना. गाडी गेली तेव्हा मी इथे बसले होते." मग म्हणाली, "ती पुढे काय सांगणार होती?"

मी आईने मला सांगितलेलं सांगितलं. समरचा युद्ध हा अर्थ नंतरचा. त्याआधी तो शब्द नुसता एकत्र येण्याचा, गाठ पडण्याचा होता...

इवानाने भिंतीवरून हात पुढे केला. "दे तो चहा. गार होतोय."

मी कप दिला. तो आईचा होता, हे मला तिच्या हातात गेल्यावर दिसलं, आणि मग मला रडू आवरेना.