बेल न वाजणारा वॉर्ड

सव्वीस वर्षं उभ्याने काढलेल्या बाईला बैठकसुद्धा उभ्यानेच घ्यायला लावायची, यापरता छळ नाही असं ताईंचं मत होतं. ताई म्हणजे एका शुश्रूषा केंद्रातल्या बारा खाटांच्या वॉर्डच्या मुख्य नर्स. इथे येणारा माणूस बरा होऊन घरी जात नाही. त्याचे उरलेले दिवस कमी दुखण्यात जावेत, एवढंच इथलं काम. त्यात सुधारणा ती काय करायची, हे ताईंना कळत नव्हतं. पण वरच्या मजल्यावर एक सुधारणा अधिकारी रुजू झाले होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. ताई पाठीमागे फळेवाले म्हणत.

कारण आल्या आल्या साहेबांनी औषधांच्या खोलीबाहेर एक पांढरा फळा टांगला होता. रोज सकाळी पावणेआठला सगळ्यांनी दहा मिनिटं त्याच्यासमोर उभं राहायचं. काल काय अडलं, का अडलं, आज काय करून बघायचं. 'का' एकदा विचारून भागत नसे, पाच वेळा विचारायचं.

"चादरी उशिरा आल्या. का? गाडी उशिरा आली. का? ड्रायव्हर उशिरा उठला. का? अहो साहेब, आता काय त्याच्या बायकोला फोन लावू?" ताई म्हणाल्या. सफाईवाल्या मावशी खुदकन हसल्या. साहेबांनी मात्र ते गंभीरपणे लिहून घेतलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण महिन्याभरात फळ्यावर 'सहानुभूती' नावाचा रकाना आला. प्रत्येक पेशंटजवळ दिवसातून एकदा दोन मिनिटं खुर्ची ओढून बसायचं आणि बसलं की खूण करायची. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाने आता आपल्याला माया शिकवायची! पहिल्याच दिवशी त्यांनी बाराच्या बारा खुणा एका दमात केल्या आणि बसल्या एकाही ठिकाणी नाहीत. बसायला वेळ कुठे होता? याची त्यांना काडीचीही खंत वाटली नाही.

एक रकाना मात्र त्यांना आवडायचा. दिवसात किती बेल वाजल्या, त्याचा. शेजारच्या वॉर्डात तीस-पस्तीस वाजायच्या, ताईंकडे पाच, चार, एकदा तर दोनच. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. "ताईंकडे पेशंटवर मागायची वेळच येत नाही!" ताईंनी वरवर नाक मुरडलं, पण त्या दिवशी त्या मावशींवर एकदाही ओरडल्या नाहीत.

ताई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कामाला वाघ. फक्त बेल वाजली की गुडघे धरून उठताना त्या एक लांब सुस्कारा सोडायच्या आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आले गं बाई, आले! एकच जीव आहे मला, बारा ठिकाणी कुठून वाटू?" मग धावत जायच्या आणि सगळं नीट करायच्या.

सहा नंबरच्या खाटेवर एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होत्या. आजार हाडांत उतरलेला. मॉर्फिनचा ठरलेला डोस सकाळ-संध्याकाळ, आणि मध्ये दुखलं तर जादा डोस. तो हवा असेल तर बेल वाजवायची. आठवडाभर तो एकदाही लागला नव्हता. ताई दारातूनच विचारायच्या, "दुखत नाही ना?" बाई म्हणायच्या, "नाही हो." ताई तक्त्यावर शून्य लिहून पुढे सरकायच्या. ते शून्य बघून डॉक्टर म्हणाले, "मग उद्यापासून ठरलेला डोस निम्मा करू. उगाच गुंगी कशाला?" ताईंनी मान हलवली.

त्याच दुपारी उशीचा अभ्रा बदलताना कोपरा त्यांच्या हाताला ओला लागला. ओला आणि कुरतडलेला. शिवण उसवली होती, दोरे लोंबत होते, कापडावर दातांचे वण होते. त्यांनी मळक्या कपड्यांच्या पिशवीतून आदल्या दिवसाचा अभ्रा काढला. तोही तसाच.

"हे काय आहे?" आवाज नेहमीसारखाच चढा.

"माफ करा हं. सुनेला सांगते, नवा आणून देईल."

"आग लागो त्या अभ्र्याला! एवढं दुखतंय तर बेल का नाही वाजवली?"

बाईंनी अभ्र्याचा लोंबता दोरा बोटाला गुंडाळला. "बत्तीस वर्षं बोर्डावर बसले, ताई. पलीकडचा नुसता 'हॅलो' म्हणाला तरी कळायचं, माणूस वैतागलाय. अशाला पुन्हा रिंग द्यायची नाही. तुम्ही फार थकलेल्या असता हो. आल्या दिवशीच या पाच नंबरच्या आजींनी मला सांगितलं, सोसवतंय तोवर सोसा, ताईंना त्रास नको. इथे सगळे जपतात तुम्हाला."

ताईंना राग आला. आधी बाईंचा, मग आजींचा, मग टाळ्या वाजवणाऱ्या साहेबांचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायला यांना सांगितलं कोणी? जपायचं काम ताईंचं होतं! त्यांनी जादा डोस दिला आणि बाईंच्या मुठी सैल होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मग डॉक्टरांना फोन लावला. "डोस कमी करायचा नाही. ते शून्य खोटं आहे. मीच लिहिलंय."

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मी फार चिडचिड करते का हो?"

"छे गं," नवरा म्हणाला. उत्तर फारच चटकन आलं. त्याच्या सदऱ्याला मलमाचा वास येत होता.

"पाठ दुखतेय? कधीपासून?"

"झाला असेल महिना. तू दमून येतेस, म्हटलं कशाला..."

"महिना?" ताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं.

"हे बघ," नवरा म्हणाला, "म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बेलचा आकडा होता तीन. साहेबांनी टाळीसाठी हात उचलले.

"थांबा," ताई म्हणाल्या. "आधी पाच वेळा का विचारा."

"अहो ताई, चांगल्या आकड्याला का विचारत नाहीत."

"मग मी विचारते." त्यांनी पेन हिसकावून घेतलं. बेल वाजत नाही. का? कुणी मागत नाही. का? ताईंना त्रास नको म्हणून. का? ताई थकलेल्या दिसतात. का? ताई सुस्कारे टाकतात. का? इथे त्यांनी 'गुडघे' लिहिलं आणि पुसलं. मग फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या, "कारण मला वाटायचं, मी किती राबते ते यांना दिसलं पाहिजे. झालं समाधान?"

साहेबांनी पहिल्यांदाच काही लिहून घेतलं नाही. हळूच विचारलं, "आज काय करून बघायचं?"

"बेलची वाट बघायची नाही. दर दोन तासांनी खुर्ची ओढून बसायचं. आणि 'दुखत नाही ना' विचारायचं नाही. 'किती दुखतंय' विचारायचं. शून्य ते दहा."

सुस्कारा काही गेला नाही. सव्वीस वर्षांची खोड एका पेनाने जाते थोडीच? पण ताई बसू लागल्या, चरफडत का होईना, आणि आकडे बदलू लागले. बेल दहा झाल्या, एकोणीस झाल्या, एक दिवस एकतीस. वरून विचारणा झाली. साहेब गोरेमोरे होऊन म्हणाले, "ताई, आपला वॉर्ड घसरला." ताई म्हणाल्या, "घसरू द्या." पाच नंबरच्या आजी मात्र प्रत्येक वेळी हसून "दोन" सांगायच्या आणि ताईंचा हात थोपटायच्या.

शुक्रवारी दुपारी सहा नंबरची बेल वाजली. ताई जेवणाचा डबा अर्धा टाकून उठल्या. सुस्कारा निघालाच. पडदा सारून त्यांनी खुर्ची ओढली आणि जरा घुश्शातच विचारलं, "बोला. किती दुखतंय?"

"मला नाही हो," बाई कुजबुजल्या. त्यांनी पलीकडच्या पडद्याकडे बोट केलं. "त्या वाजवत नाहीत, म्हणून मी वाजवली."

ताईंनी खुर्ची उचलून पडद्यापलीकडे नेली. आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चाहूल लागली तशा वळल्या आणि हसायला लागल्या. "अगं, जेवून तरी घ्यायचं."

"आजी, खरं सांगा. नाहीतर मी इथून उठणार नाही."

ताई उठत नाहीत, हे बघून मग आजी म्हणाल्या, "नऊ."