क्विनाईनची नळी

रक्तातल्या प्लेटलेट म्हणजे अगदी बारीक कण. कापलं-खरचटलं तर रक्त थांबवायचं काम त्यांचं. शरीर कधीकधी आपल्याच प्लेटलेट मारून टाकतं, त्यावर मी आयुष्यभर संशोधन केलं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, म्हणून हे सांगताना मला लाज वाटत नाही, अभिमानच वाटतो. पण पहिला प्रयोग मी केला तो ढाणकीजवळच्या आमच्या घरात, चुलीपुढं बसून.

साठ सालानंतरची गोष्ट. बी.एस्सी. होऊन मी यवतमाळला एका दवाखान्यात रक्त तपासायला लागलो होतो. गावाकडं वहिनीला हिवताप आला. क्विनाईनच्या गोळ्या चालू असताना तिच्या हातापायांवर जांभळे ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. शेजारच्या म्हातारीनं दारात कडुनिंबाचा डहाळा खोचला. देवी आल्या, औषध बंद! आणि खरंच, ठिपके विरले.

मग म्हातारीला जोर आला. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आम्ही घरातले देव पैनगंगेत सोडले होते. "सोडले ना देव पाण्यात? यावेळी सोडलं देवीनं. आता कोंबडी द्या, नाई तं सून जाईन तुमची."

मी पोचलो तेव्हा वहिनीला परत ताप भरला होता. अंगणात डाल्याखाली कोंबडी कोंडलेली. भाऊ हातात क्विनाईनची गोळी घेऊन नुसता बसलेला.

"दिली तं देवी कोपते म्हणते, नाई दिली तं तापानं जाते. सांग आता, शिकला ना तू?"

मी वहिनीचा हात पाहिला. कातडी गुळगुळीत, देवीचा एक वण नाही. म्हटलं, "ही गोळी देऊ नको."

"घ्या! एवढा शिकला अन् म्हातारीच्याच लायनीत येऊन बसला!"

मी त्याला समजावलं. ठिपक्यांचं ऐकल्यावर आमच्या डॉक्टरांना क्विनाईनचाच संशय आला होता. एखाद्याच्या रक्ताला ते सोसत नाही; रक्त आपल्याच प्लेटलेटवर उठतं. त्यांनी हिवतापाची दुसरी गोळी दिली होती, पण आधी पारखून घे म्हणाले होते. पारख सोपी. काचेच्या नळीत रक्त गोठलं की गुठळी हळूहळू आकसते, भोवती पाणी सुटतं. प्लेटलेट मेल्या असतील तर ती नळीला चिकटून तशीच राहते.

मी सुई उकळली. "एवढंसं नेऊन काय करता, भाऊजी? चहात टाकता का?" वहिनी म्हणाली आणि तिनं हात पुढं केला. सुई काढून मी कापूस दाबून धरला. रक्त थांबलं नाही तर? मी कापूस उचलला. थांबलं होतं. म्हणजे प्लेटलेट परत भरल्या होत्या.

तीन नळ्या केल्या. एकीत नुसतं रक्त, दुसरीत क्विनाईनचं पाणी, तिसरीत नव्या गोळीचं. कोमट पाण्याच्या गंजात उभ्या केल्या. पाणी निवलं की भाऊ गरम पाणी घालायचा. म्हातारी दारात बसून होती. "देवी दिसली का रे नळीत?"

पहिली गुठळी आकसली. मग तिसरी. दुसरी जागची हलली नाही.

भावानं ती नळी उजेडात धरली. "क्विनाईन कोणाच्याबी रक्तात टाकलं तं असंच होत असन." बाही वर करून तो माझ्यापुढं बसला. "माह्यं काढ."

कॉलेजात एवढा नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्याचं रक्त काढलं, क्विनाईन घातलं, परत वाट पाहिली. ही गुठळीही तशीच राहिली असती तर सगळी पारख फुकट गेली असती, आणि वहिनीचा ताप चढत होता.

भावाची गुठळी आकसली.

वहिनी दुसऱ्या नळीकडं पाहत म्हणाली, "हे माह्यंच रक्त ना? मंग माह्यावरच काहून उठलं?"

"माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो. पुढची सगळी वर्षं मी त्याच प्रश्नाच्या मागं होतो.

तिनं नवी गोळी हातावर घेतली, एकदा दारातल्या म्हातारीकडं पाहिलं, आणि गिळली. मग आम्ही सगळे तिच्या हातांकडं बघत बसलो. कोणी चहा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. म्हातारीनं स्वतः येऊन तिचे हात उलटेपालटे करून पाहिले, पाय पाहिले, तोंड उघडायला लावलं. ठिपका नव्हता.

"आतापर्यंत तं नाई उठला," ती म्हणाली.

भाऊ उठला. त्यानं अंगणातलं डालं उचललं आणि कोंबडीला हाकललं.