साखरशेतचा मूठभर भात

मैत्रिणींनो, आज साखरशेतहून जड मनाने परतले. माझे यजमान संस्थानच्या दरबारचे शेतकी अधिकारी. दरबारने चाचणीसाठी दिलेल्या नव्या भाताचा नमुना आणायला आम्ही गेलो होतो.

खळ्यावर म्हातारी जानकी वाट अडवून उभी राहिली. "कणसरी देवीला दाखवल्याबिगर दाणा जायचा नाय!"

"पूजा कधी?" यांनी विचारले.

"पाच दिसांनी."

"आजी, आज नमुना गेला नाही, तर पुढच्या वर्षी बियाणं मिळणार नाही."

"पोट तुमचा दरबार भरतो का कणसरी, साहेब?"

मला कॉन्व्हेंटमधले जेवण आठवले. प्रार्थनेआधी आम्ही पावाला हात लावत नसू. मी यांना थांबवले.

नमुना न घेताच निघताना म्हातारीने मला हात जोडले. तिच्या गावाचे बियाणे बंद झाले, तर ते माझ्यामुळे. तुम्ही काय केले असते?