नर्सबाईंची गव्हाण

भांडी घासायला बसतानाही नर्सबाई डोक्यावर पदर घेत. कोणी हसलं तर म्हणत, "प्रार्थना चालू हाये, बोलू नका."

चिचगडला त्या आमच्या शेजारी राहत. मिशनचा दवाखाना बंद पडला, ख्रिस्ती घरं एकेक करून शहराकडे गेली, बाई तेवढ्या राहिल्या. सण त्यांनी एकही सोडला नाही. राखेच्या बुधवारी चुलीतलीच चिमूटभर राख कपाळाला लावत. "फादर नाही, चर्च नाही, कसा वं तुमचा सण?" आई विचारायची. "चूल हाये ना," बाई म्हणत.

धान चुरून झालं, मळणी आटोपली, की त्या तणस, म्हणजे भाताचा पेंढा, मागायला येत. त्यांच्याकडे फळ्यांची एक लहानशी गव्हाण होती. नाताळच्या आधीचे चार आठवडे, कोणाचं काही भलं केलं की तिच्यात एक काडी टाकायची. बाळ येशूला मऊ अंथरूण व्हायला हवं ना! बाबा चिडवायचे, "तुमचा देव आमच्या गाईचा चारा पळवून राहिला, बाई!"

"गोठ्यातच जन्मला तो. तुमच्याच बिरादरीचा हाये," बाई ठणकावत. मीही आईला पाणी भरून दिलं की काडी टाकायला धावायची.

गेल्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि बाईंच्या एकुलत्या एका लेकीला, रोझीला, घरी पाठवलं. धान चुरणं चालू होतं. "नाताळ दिसला पाहिजे माह्या पोरीले," बाईंचं एवढंच मागणं. कूस बदलून दिली, काडी. पेज पाजली, काडी. गव्हाण काठोकाठ भरली. नाताळ तोंडावर आला आणि रोझी गेली. मला देवाचा भयंकर राग आला; तो त्यांचा की आमचा, हे मी पाहिलं नाही.

नाताळच्या सकाळी बाई गव्हाण उचलून आमच्या गोठ्यात आल्या आणि सगळं तणस गाईपुढे ओतलं. बाबा गाईला मागे ओढायला गेले.

"खाऊ द्या तिले," बाई म्हणाल्या. "तिची भूक तरी खरी हाये."

गव्हाण तिथेच टाकून त्या गेल्या.

यंदा धान चुरून झालं तेव्हा मीच तणसाची पेंढी घेऊन त्यांच्याकडे गेले. बाई अंगणात भांडी घासत होत्या.

"हे कायले आणलं वं पोरी?" त्यांनी विचारलं, आणि पुन्हा घासायला लागल्या. पदर खांद्यावरच होता.