खामपून आजींचा कॅन

विथूनने वाकून नमस्कार केला आणि चोवीस तासांपैकी तेवीस तासांचं संशोधन जमिनीत मुरलं.

थायलंडमधल्या खोन केनच्या एका इस्पितळात मूत्रपिंडाचा जुना आजार आणि त्यामुळे अंगाला सुटणारी खाज यांवर अभ्यास चालला होता. गावोगाव फिरून नमुने गोळा करणं हे विथून नर्सचं काम. खामपून आजींच्या दिवसभराच्या लघवीचा कॅन घराखाली, खारवलेल्या माशांच्या रांजणांशेजारी सावलीत ठेवला होता. आजींसमोर विथून जरा जास्तच अदबीने वाकला, खांद्यावरची पिशवी घसरली आणि कॅन आडवा झाला. झाकण आजींनी नुसतं टेकवलेलं. कोंबड्या तेवढ्या वेळेवर पळाल्या.

आजी अडतीस किलोच्या. खाज मात्र क्विंटलभर. लाकडी खांबांवर उभं घर, त्यातल्या एका खांबाला आजी पाठ घासत आणि त्याच खांबाला म्हैसही. दोघींच्या पाळ्या ठरलेल्या. म्हशीने पाळी मोडली की आजी तिची सात पिढ्यांसकट कानउघाडणी करत. खांब आरशासारखा गुळगुळीत झाला होता. मग अभ्यासाचं मलम आलं आणि आठवड्याभरात आजींनी खांब म्हशीच्या नावे करून दिला.

म्हणूनच विथूनने घाईघाईने कॅन उभा केला. नमुना नाही तर अभ्यासात नाव नाही, आणि नाव नाही तर मलम नाही. उद्या याच वेळेपर्यंत पुन्हा भरा, असं त्याने चाचरत सांगितलं. आजींनी आधी सांडलेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कॅन गळ्यापर्यंत भरलेला. विथून खुशीत घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर सिरिकान्यांनी त्याला बोलावलं.

"विथून, या आजींचं वजन किती रे?"

"अडतीस, मॅडम."

"या नमुन्यावरून त्या म्हैस ठरतायत. आणि मीठ इतकं, की आत मासे मुरतील."

विथून तडक गावात. शेजारच्या बुआलोईने सगळं सांगून टाकलं, लाजण्यासारखं त्यात तिला काही दिसतच नव्हतं. इथे भाताची लावणी कुणी एकट्याने करत नाही. आज माझं शेत, उद्या तुझं. आजींचा कॅन रिकामा झाल्याचं कळताच सहा घरांनी शेतावर जाता जाता हातभार लावला. मुखियाही आला होता, पण त्याला साखरेचा आजार म्हणून आजींनीच परत पाठवला. नमुना बिघडायला नको.

आता कॅन सांडल्याचं डॉक्टरांना सांगणं भाग होतं. विथूनने सांगितलं. त्यांनी त्याच्या नावाने तीन पानी फॉर्म भरला आणि निकाल दिला: चूक आपली, म्हणून आजी अभ्यासात राहतील, पण पुन्हा भरायचा, आणि फक्त त्यांचाच.

हे सांगायला विथून परत गेला तेव्हा त्याने आधी पिशवी खाली ठेवली, मग दहा पावलं लांबून नमस्कार केला. निकाल ऐकून आजींनी मान हलवली. पण त्याला राहवेना.

"आजी, एवढ्यासाठी अख्खं गाव कशाला कामाला लावलंत?"

आजी म्हणाल्या, "सांडलं तू, भरलं गावानं, आता मलम काढ."