कांदाताईचा नंबर

यशश्री माझी भाडेकरू. अंबडच्या माझ्या गाळ्यात तिने सहा वर्षांपूर्वी कंपनी थाटली आणि मी रिकामटेकडा गाळामालक रोज चहाच्या वेळी तिथे जाऊन सल्ले देऊ लागलो. तिने ते मागितले नव्हते.

तिचं यंत्र कांद्याच्या चाळीत टांगायचं. आत कुठे कांदा सडायला लागला की ते वास ओळखून शेतकऱ्याच्या आणि हिच्याही मोबाइलवर मेसेज पाठवतं. "सडक्या कांद्याचा वास घ्यायला माझ्या आजोबांना यंत्र लागलं नाही," असं मी पहिल्याच दिवशी ऐकवलं. "काका, आजोबांच्या नाकाच्या आठ दिवस आधी कळतं," ती म्हणाली. बाई इंजिनिअर, त्यातून चांदवडची. तिला कांदा कोण शिकवणार?

एवढी शहाणी, पण एक घोडचूक केलीच. पहिली शंभर यंत्रं निघाली तेव्हा हेल्पलाइन नव्हती, म्हणून यंत्रावरच तात्पुरता स्वतःचा मोबाइल नंबर छापला. आपल्याकडे तात्पुरतं किती टिकतं ते सांगायला नको. यंत्रं चौदाशे झाली, नंबर तोच. त्यात शेतकरी मेसेज उघडेनात. मग इशारा आला की बाईसाहेब स्वतःच फोन लावायच्या, "दादा, डावीकडचा थर उपसा. आणि जेवलात का?" सटाण्यापासून नांदगावपर्यंत लोकांनी तो नंबर 'कांदाताई' या नावाने सेव्ह केला. भाव विचारायला फोन, मुलीच्या ॲडमिशनसाठी फोन. तिचा स्वतःचा जेवणाचा डबा मात्र रोज अर्धा घरी परत जायचा.

बंगळुरूची एक मोठी कंपनी तसंच यंत्र विकत होती, हिच्याहून स्वस्त आणि देखणं. पण इकडे ते कोणी घेईना. शेवटी त्यांनी हिची कंपनीच विकत मागितली. तिने दोनदा नाही म्हटलं. मला बरं वाटलं, भाडेकरू चांगली होती.

मागच्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. सहा दिवस फोन बंद. नांदगावच्या मुझफ्फरभाईंच्या मोबाइलवर इशारा आला होता, पण त्यांनी तो वाचलाच नाही. ताईचा फोन नाही म्हणजे चाळ ठीक, अशी त्यांची समजूत. अर्धी चाळ सडली. यशश्री बरी होऊन भेटायला गेली तर तेच तिची समजूत घालू लागले, "तुम्ही आजारी होता ताई, तुम्ही तरी काय करणार?"

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, काका," ती मला म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिने बंगळुरूला होकार कळवला.

अंबडभर चर्चा. कोणी म्हणे गंगापूर रोडला बंगला घेणार, कोणी म्हणे घाबरली. दोन अफवा तर मीच सोडल्या. खरं कारण एवढंच की चौदाशे चाळींना एक ताई पुरत नव्हती.

बंगळुरूकरांनी यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना नंबर हवा होता. तिथे मात्र ती पंधरा दिवस अडून बसली. "एका सिमकार्डासाठी एवढं?" मी म्हणालो. ते मी बोलायला नको होतं. अखेर तिने अट घातली, प्रत्येक इशाऱ्यावर माणसानेच फोन करायचा. त्यांनी वीस मुली बसवल्या. वीसही जणी म्हणतात, "कांदाताई बोलतेय. जेवलात का?"

गेल्या महिन्यात ती गाळा रिकामा करत होती आणि मुझफ्फरभाई दारात उभे. तिचा चेहराच उतरला.

"चाळ?" तिने विचारलं.

"वाचली. परवा तुमचा फोन आला, लगेच उपसली."

"मग एवढ्या लांब कशाला आलात?"

"फोनवर आवाज लय बदललाय तुमचा. मागच्यासारखं आजारी असाल न् सांगायच्या नाय, म्हणून आलो." त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "तुमच्या सलिमाभाभीनं काढा दिलाय."

मला वाटलं, आता ही खरं सांगून टाकणार. पण ठणठणीत घशाची ती बाई उभ्याउभ्या तो कडूजहर काढा प्यायली. डोळ्यांत पाणी आलं, ते कडूपणाचं नव्हतं एवढं मलाही कळलं.

"भाई, जेवलात का?" तिने विचारलं.

मुझफ्फरभाईंचा चेहरा खुलला. "लागू पडला काढा," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "आला बघा आवाज परत."