ब्येनकाकांचा डावा पाय

शाओ होंगख्वे आमच्या हमामखान्यात पाय तासतात. त्यांना सगळे उस्तादच म्हणतात. माणूस गरम हौदातून निघून टॉवेल गुंडाळून आडवा झाला, चहा आला, मुळ्याच्या चकत्या आल्या, की उस्ताद ठेंगणं स्टूल ओढून त्याच्या पायाशी बसतात, पाय मांडीवर घेतात, दिवा जवळ ओढतात. मी तिथे टॉवेल आणि चहाचं बघतो. त्यामुळे जे झालं ते बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि उरलेलं उस्तादांनीच सांगितलं.

त्यांच्या हाताला यश होतं हे खरं. मांसात रुतलेलं नख ते असं सोडवायचे की गिऱ्हाईक मध्येच घोरायला लागायचं. कुरूप मुळासकट काढायचे. टाचांच्या भेगा, चिखल्या, म्हाताऱ्यांची शिंगासारखी जाड झालेली नखं, यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांना हे ठाऊक होतं आणि आम्हीही ते त्यांना विसरू देत नव्हतो.

ब्येन फूलिन हे त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. कालव्यावर मालाच्या बोटी चालवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी रुईफेन जवळच राहणारी. आम्ही त्यांना ब्येनकाका म्हणायचो. साखरेचा आजार होता, पण त्याबद्दल ते असं बोलायचे जणू तो शेजाऱ्याला झालाय. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली त्यांना एक जाड घट्टा होता. तो वाढायचा, उस्ताद तासायचे, पुन्हा वाढायचा.

त्या शरदात शहरातल्या एका इस्पितळात पायांचा वेगळा विभाग सुरू झाला. आमचं एक गिऱ्हाईक तिथे जाऊन आलं आणि आडवं व्हायच्या दालनात सगळ्यांसमोर म्हणालं, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर असेल तर हमामखान्यातली सुरी पायाला लावून घेऊ नका."

सगळ्यांनी उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद सुरी पुसत म्हणाले, "त्या बाईंना सांगा, एक दिवस इथे बसून बघा. मग बोलू."

लोक हसले. ब्येनकाका सगळ्यांत मोठ्यांदा हसले.

नंतर थोड्याच दिवसांत उस्ताद काकांचा घट्टा तासत होते. काका जुन्या बोटीवरच्या एका कुत्र्याची गोष्ट सांगत होते. वरचा थर निघाल्यावर खाली काळपट लाल डाग दिसला, आत रक्त साकळल्यासारखा. उस्तादांनी सुरीचं टोक त्याच्या कडेला लावलं आणि ते जरा जास्तच आत गेलं. रक्ताचा थेंब आला. काकांना पत्ताच नव्हता. कुत्रा पाण्यात पडला होता आणि काका मुळा चावत होते.

उस्तादांचा हात थांबला. मला वाटलं, धार लावायची असेल.

"काय झालं रे?" काकांनी विचारलं.

"काही नाही. थोडं खरचटलंय. गरम पाण्यात चार दिवस उतरू नका."

"चार दिवस? मग मी काय घरी भिंतीशी गप्पा मारू? आणि हे बघ, रुईफेनला सांगू नकोस. ती मला उचलून इस्पितळात नेऊन टाकेल."

"नाही सांगत," उस्ताद म्हणाले. जखमेवर पूड दाबली, पट्टी बांधली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पुढे त्यांनी मला सांगितलं की त्याच क्षणी त्यांना कळलं होतं. ज्यांच्याकडे ते शिकले, त्यांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं की दुखणारा पाय आपला, न दुखणारा पाय वैद्याचा. उस्तादांनी तेच शिक्षण पुढे दहाजणांना दिलं होतं. पण ब्येनकाकांना इस्पितळात जा म्हणायचं म्हणजे त्या दिवशी हसलेल्या सगळ्यांसमोर म्हणायचं. त्यांनी स्वतःची समजूत घातली की जखम आपणच भरून आणू.

काका चार दिवस थांबले नाहीत. दोन दिवसांनी हौदात होते. उस्तादांनी पाहिलं आणि नुसती मान हलवली. पट्टी बदलली. जखमेची कड पांढरी पडली होती. पुढच्या खेपेला काका खुर्चीवर आडवे झाले आणि पट्टी सुटायच्या आधीच उस्तादांच्या नाकाला वास आला. मलाही आला. मी टॉवेल कुबट झाले असतील म्हणून बदलायला गेलो.

"एकदा दाखवून या कुणाला तरी," उस्ताद म्हणाले.

"दुखत तर नाही."

"नाही दुखत, पण दाखवून या. सवड झाली की."

सवड झाली की. हे शब्द उस्तादांनी मला पुढे किती वेळा म्हणून दाखवले असतील. ओरडून सांगायचं होतं, हात धरून रस्त्यावर न्यायचं होतं, आणि आपण ते असं म्हणालो जणू छत्री दुरुस्तीला द्यायची आहे. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, म्हणून काकांनीही केली नाही.

मग काका यायचे बंद झाले. दार उघडलं की उस्ताद मान वर करायचे. शेवटी भाजीवाल्याकडून कळलं की त्यांना थंडी वाजून ताप भरला, रुईफेनने मोजा काढला आणि तसंच उचलून त्याच इस्पितळात नेलं. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं, पायाच्या पुढच्या भागाचा एक तुकडाही.

आम्ही दोघं भेटायला गेलो. उस्तादांनी वाटेत नासपती घेतल्या, चांगल्या निवडून. वॉर्डाच्या दाराशी आल्यावर ते एकदम थांबले. "साखरेच्या माणसाला मी गोड फळं घेऊन चाललोय," असं म्हणून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

काका उशीला टेकून बसले होते. चेहरा लहान झाला होता. आम्हाला पाहून म्हणाले, "ये उस्ताद. आता तुझं काम कमी झालं. दोन नखं वाचली."

उस्ताद हसले नाहीत. रुईफेन खिडकीशी उभी होती. ती वळली. आवाज चढवला नाही तिने.

"उस्ताद, एकच विचारायचंय. बाबांना पायाचा तळवा दिसत नाही, वाकता येत नाही. मला ते दाखवत नाहीत. तो पाय बघणारे तुम्ही एकटेच होतात. तुम्हाला दिसलं नाही?"

"मीच सांगू नको म्हटलं होतं त्याला," ब्येनकाका म्हणाले. "त्याला का बोलतेस?"

"बाबा, तुम्ही गप्प बसा."

उस्ताद उभेच होते. म्हणाले, "दिसलं होतं. सुरी लागली तरी त्यांना कळलं नाही, हेही दिसलं. त्यांनी सांगू नको म्हणायच्या आधीच मी गप्प बसायचं ठरवलं होतं. लोकांपुढे माझा मान जाईल म्हणून."

काकांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग रुईफेन म्हणाली, "या तुम्ही आता," आणि आम्ही निघालो.

मला वाटलं उस्ताद घरी जातील. ते खालच्या मजल्यावर गेले, पायांच्या विभागाबाहेर बाकावर बसले आणि सगळे रोगी संपेपर्यंत बसून राहिले. डॉक्टरीणबाई, त्यांचं नाव स्वी, दार लावायला आल्या तेव्हा उस्तादांनी उठून आपण कोण ते सांगितलं. बाईंनी त्यांना आत घेतलं. मी नासपतीची पिशवी घेऊन दाराशी.

"ते वेळेत आले असते तर?" उस्तादांनी विचारलं.

"बोटं नक्की वाचली असती असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "पण बरीच शक्यता होती." त्यांनी धीर दिला नाही आणि टोचूनही बोलल्या नाहीत. "तुम्ही हे विचारायला आलात, की आणखी काही?"

"मी काय बघून पाठवायचं ते सांगा. मला माहीत आहे असं समजून नका सांगू."

बाईंनी सांगितलं. साखरेचा माणूस असेल तर जखम केवढीही असो, त्याच दिवशी पाठवा, घट्ट्याखालचा काळा डागही जखमच समजा. तळव्याला स्पर्श कळत नसेल तर सुरी खाली ठेवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला असेल, किंवा बोट गार आणि निळसर पडलं असेल, तर थांबू नका. साखर नसलेल्याचीही जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, नखाच्या कडेला पू धरला असेल, नखाखालची काळी रेघ रुंद होत चालली असेल, तर पाठवा. "बाकीचं, धडधाकट माणसाची कुरूपं, भेगा, जाड नखं, तुम्ही करा. तुमचा हात चांगला असं ऐकलंय."

हे शेवटचं वाक्य उस्तादांना लागलं. परतताना ते एवढंच म्हणाले, "बाई चांगुलपणाने बोलल्या. पण याच हातामुळे झालं सगळं."

त्यानंतर आमच्याकडे वेगळंच सुरू झालं. उस्ताद आधी विचारायचे, साखर आहे का. मग डोळे मिटायला सांगायचे आणि टॉवेलचा दोरा तळव्याला ठिकठिकाणी लावून विचारायचे, कुठे लागलं? गिऱ्हाइकं वैतागायची.

"उस्ताद, पाय तासायला आलोय, परीक्षेला नाही."

"मग नापास व्हायची भीती कशाला? डोळे मिटा."

एकाला परत पाठवलं तर तो सरळ समोरच्या दुकानात पाय तासून घ्यायला गेला. मालक माझ्यापाशी कुरकुरले की हा माणूस इथे काम करतो की इस्पितळात. उस्तादांना सांगायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही.

हिवाळ्याच्या शेवटी शेवयांच्या खानावळीतला एक आचारी आला. पाय सुजलेला, गरम, जखम काही नाही. म्हणाला मुरगळलाय, जरा चोळून द्या. उस्तादांनी दोरा लावला. आचारी डोळे मिटून म्हणाला, "लावा ना." दोरा केव्हाचा लावलेला होता. उस्ताद उठले, कोट घातला आणि त्याला रिक्षात घालून स्वतः घेऊन गेले. बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडायला लागली होती. प्लास्टर घालून पाय वाचला. आचारी डुकराच्या मटणाची भलीमोठी हंडी घेऊन आभार मानायला आला, तेव्हा उस्ताद मागच्या दाराने निघून गेले होते. हंडी आम्ही खाल्ली.

"एकाचा पाय वाचला ना," मी त्यांना म्हणालो.

"वाचला. पण तो दुसऱ्याचा वाचला," ते म्हणाले.

वसंतात ब्येनकाका काठी टेकत आले. इस्पितळाने करून दिलेला बूट होता, त्यात पुढे कापसाची उशी. हौदात उतरायची मनाई होती म्हणून नुसते खुर्चीवर बसले, चहा मागवला आणि डावा पाय उचलून उस्तादांच्या मांडीवर ठेवला, नेहमीसारखा. "तीन नखं राहिलीत. काढून टाक."

उस्तादांनी दोन्ही हातांनी तो पाय धरला. बराच वेळ धरूनच बसले. मग अलगद खाली ठेवला. "नाही काका. आता हे तिकडेच करायचं."

"बरं, उजवा तरी?"

"उजवाही नाही."

काकांचा चेहरा पडला. "मी तुला एका शब्दाने बोललो का रे? मग ही शिक्षा मला कशाला?"

"शिक्षा नाही. चला, मी येतो बरोबर."

तेव्हापासून दर महिन्याला उस्ताद त्यांना बसने इस्पितळात नेतात. रुईफेन महिनोनमहिने त्यांच्याशी बोलली नाही. एकदा ती तिथे आली, तर उस्ताद जमिनीवर बसून काकांच्या बुटात हात घालून आतून चाचपत होते, खडा नाही ना, शिवण टोचत नाही ना. ती बघत उभी राहिली.

"पुढच्या महिन्यात मला सुट्टी मिळणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच आणाल ना त्यांना?"

"आणतो."

"आणि डॉक्टर जे म्हणतील ते मला सांगायचं. बाबा नको म्हणाले तरी."

"हो," उस्ताद म्हणाले, आणि दुसरा बूट हातात घेतला.